भिंतीतला कोनाडा आणि घरातला आवाज

इंदुरात रामबागेसारख्या जुन्या वस्त्यांतून मातीविटांची घरे पाडून नवी घरे उठत आहेत. अशा घरातले एक दृश्य पुष्कळांच्या ओळखीचे असेल. बैठकीची खोली ऐसपैस, फरशी आरशासारखी, भिंती गुळगुळीत, डोक्यावर स्लॅब. घरातले वृद्ध गृहस्थ कानाला यंत्र लावून खुर्चीत बसले आहेत. सून विचारते, “नाना, चहा आणू का?” ते म्हणतात, “काय?” ती आवाज चढवून पुन्हा विचारते, तर त्यांना पहिल्यापेक्षाही कमी उमगते. काही दिवसांनी नाना “काय?” म्हणणेच सोडून देतात आणि माणसांनी भरलेल्या घरात एकटे पडतात. दोष साऱ्यांनी त्यांच्या कानांना दिलेला असतो. वस्तुतः त्यातला बराच दोष खोलीचा असतो.

बोललेला शब्द कानावर एकदाच येत नाही. तो एकदा तोंडातून थेट येतो आणि नंतर भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटून पुनःपुन्हा येतो. गिलावा केलेली भिंत आपल्यावर पडणाऱ्या ध्वनीचा शेकडा दोन-तीन भाग तेवढा गिळते. बाकीचा सारा परत फेकते. मग पहिल्या अक्षराचा निनाद विरण्यापूर्वीच दुसरे अक्षर येते आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. धडधाकट कान त्यातून वाट काढतो. यंत्राला ते साधत नाही. शब्दाबरोबर ते निनादही मोठा करते. आवाज चढवल्याने निनादही चढतो, म्हणूनच सुनेचे ओरडणे वाया जाते. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा चर्चमधील समूहगीतात हाच निनाद गोड वाटतो. पण त्याच चर्चमध्ये प्रवचनाचे शब्द मात्र मागच्या बाकांवर पोचता पोचता पुसट होतात.

या निनादाचे गणित प्रथम मांडले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबाइन या अध्यापकाने. १८९५ साली तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणाला समजेना. सॅबाइनने दुसऱ्या सभागृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्या, मांडाव्या, आणि निनाद किती वेळ टिकतो ते मोजावे. गाद्या वाढल्या की निनाद घटे. त्याचा नियम आजही चालतो: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांब, ध्वनी गिळणारा पृष्ठभाग जितका अधिक तितका तो आखूड.

पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी रिकामी खोली घेतली, तर या नियमाने तिचा निनाद जवळजवळ साडेतीन सेकंद भरतो. बोलणे स्पष्ट ऐकू यायला तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा. सहा फूट उंच व साडेतीन फूट रुंद अशी चार ध्वनिशोषक चित्रे तेथे लावली, तर तो एका सेकंदावर येतो. उरलेले काम सतरंजी, जाड पडदे आणि बसलेली माणसे करतात.

जुन्या वाड्यात हे सारे न योजता घडत असे. बैठकीवर गादी, लोड, तक्के. वर लाकडी तुळया. भिंतीत कोनाडे आणि फडताळे. दोन-दोन फूट जाडीच्या भिंतीला कोनाडा जड नव्हता, कारण तो बांधतानाच सोडलेला असे.

आता नव्या घरात तोच थाट आणण्याची हौस दिसते. ध्वनिशोषक चित्र म्हणजे लाकडी चौकट, तिच्यात दोन इंच जाडीची रॉकवूलची गादी आणि वर छापील कापड. ती भिंतीच्या बाहेर डोकावू नये म्हणून गवंड्याला बोलावून भिंत खोदायची, असा बेत ठरतो. येथे थोडे थांबावे.

पहिली गोष्ट, भिंतीचे बळ. विटांच्या भाराच्या भिंतीत उभा चर जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल आणि आडवा चर एक षष्ठांशाहून खोल नसावा, असा बांधकामाचा दंडक आहे. नऊ इंची भिंतीत आडवा चर म्हणजे अवघा दीड इंच! साडेतीन फूट रुंदीची पोकळी ही तर चराहून कितीतरी मोठी. ती करायची तर वर लिंटल हवे, आणि इंजिनिअरचा सल्ला हवा. साडेचार इंची भिंतीला छिन्नी लावूच नये. त्यात माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावरच्या भिंती मुळातच तडे जायला टेकलेल्या असतात.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. शोषक चित्र खोलीतला निनाद कमी करते, शेजारचा आवाज अडवत नाही. तो अडतो भिंतीच्या वजनाने. नऊ इंची भिंत तीन इंच खोदली की तेथले एक तृतीयांश वजन गेले. शेजारघराशी लागून असलेली भिंत अशी पोखरली, तर नानांना सुनेचे बोलणे ऐकू येईल खरे, पण शेजारचा टीव्हीही ऐकू येऊ लागेल.

मग उपाय कोणता? भिंत खोदून कोनाडा करण्याऐवजी भिंतीपुढे कोनाडा उभारावा. चित्राच्या भोवती लाकडी पट्ट्यांची चौकट बसवून तिच्यावर फळी ठोकली, की चित्र आत बसल्यासारखे दिसते आणि भिंतीला धक्का लागत नाही. चित्रामागे दोन इंच हवा सोडावी. त्या पोकळीमुळे तीच गादी खालच्या स्वरांचाही अधिक भाग गिळते. कापड असे घ्यावे की तोंडाला लावून फुंकले तर वारा पलीकडे जाईल. तैलरंगांनी भरलेल्या कॅनव्हासची छिद्रे बुजलेली असतात. तो सुंदर दिसेल, पण ध्वनी आत शिरू देणार नाही. आणि ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिच्यावर यातले काहीच लावू नये.

काम झाल्यावर परीक्षा सोपी आहे. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागे शेपूट ऐकू आले नाही, म्हणजे खोली सुधारली. त्याहून खरी परीक्षा संध्याकाळी होते. सून नेहमीच्याच आवाजात विचारते, “नाना, चहा आणू का?” आणि नाना वर पाहून म्हणतात, “आण, पण साखर कमी.”