एका विद्यार्थ्याची कवितांची वही



आज मी कोण्या मोठ्या ग्रंथाचे परीक्षण करण्यास बसलो नाही. मजसमोर आहे ती एक साधी शंभरपानी वही. तिचा मालक सांगलीस कृष्णाकाठच्या एका गल्लीत वाढलेला व सध्या साताऱ्यास राहून शिकणारा एक विद्यार्थी आहे. मागल्या महिन्यात तो मजकडे आला, वही पुढे ठेवली आणि म्हणाला, "सर, एवढी एकदा वाचा. मग मी ती बंद करणार आहे." परीक्षेत त्यास गुण कमी पडले होते. कवितेच्या नादाने अभ्यास बुडाला, असे घरच्या मंडळींनी ठरविले होते व त्यालाही ते पटू लागले होते. त्या वहीविषयी व त्या निश्चयाविषयी चार शब्द बोलावे, एवढाच आजचा हेतू. हे मी त्याच्या अनुमतीनेच बोलत आहे. नाव मात्र सांगत नाही.

वहीत चाळीसेक कविता आहेत. पहिल्या तिसांचा विषय एकच, आशा. उषा उजळते, तारका खुणावतात, वादळातील नौकेस दीपस्तंभ दिसतो. वृत्त सहसा चुकत नाही, यमकेही नीट जुळतात. परंतु सांगलीच्या मुलाने दीपस्तंभ कोठे पाहिला, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. तो त्याने पुस्तकात पाहिला. त्यात दोष असा काही नाही. आरंभी आपण सारेच दुसऱ्याच्या शब्दांनी आशा करतो. मात्र अशी तीस पाने उलटल्यावर हा मुलगा कोण, कोठला, त्यास काय हवे आहे, यांपैकी काहीच कळत नाही.

शेवटच्या पानांवर चार ओळी आहेत. त्यांना शीर्षक नाही.

पाणी चढले पायऱ्यांवरी,
वही ठेविली उंच फळीवर;
आई म्हणते, झोप जरासा —
डोळा माझा त्या रेषेवर.

खाली बारीक अक्षरांत टीप आहे: "ही कविता नव्हे. त्या रात्री झाले ते लिहिले आहे."

ती रात्र ऑगस्ट २०१९ मधली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांपर्यंत चढले. मुलाच्या घरातील भिंतीवर २००५ सालच्या पुराची खूण म्हणून कोळशाने ओढलेली एक रेष होती. पाणी त्या रेषेस शिवते की काय, हे पाहत तो जागा राहिला होता.

मी त्यास म्हणालो, "बाळ, तुझ्या वहीतली कविता हीच." तो गोंधळला. "पण सर, हिच्यात आशा कोठे आहे? मी तर नुसता भ्यालो होतो." मी त्यास दुसरी ओळ पुन्हा वाचावयास सांगितली. जो मनुष्य पुराच्या रात्री वही उंच फळीवर ठेवतो, तो उद्या ती पुन्हा उघडणार आहे. तीस कवितांत ज्या आशेचा नुसता उच्चार झाला, ती येथे, नाव न घेता, फळीवर जाऊन बसली आहे. ज्यास गमावण्यासारखे काहीच नाही, त्यास भयही नसते. तेव्हा भय लपवून आशा लिहू गेलो, तर हाती उसने दीपस्तंभच येणार.

यावर त्याने जो प्रश्न केला, तो मला फार मोलाचा वाटतो. "मग वाचावयाचे तरी कशाला? वाचनानेच तर ते दीपस्तंभ आले!"

याचे उत्तर देण्यासाठी मी त्यास त्याच्याच मुलखातील एका कवीची हकीकत सांगितली. कवी यशवंत, म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, यांचा जन्म १८९९ साली सातारा जिल्ह्यातील चाफळ येथे झाला. समर्थांच्या राममंदिराचे ते चाफळ. सांगलीस असताना त्यांना साधुदास, म्हणजे गोपाळ गोविंद मुजुमदार, यांचे मार्गदर्शन लाभले. मॅट्रिकनंतर महाविद्यालयाची वाट त्यांना मिळाली नाही. पोटासाठी नोकरी धरावी लागली, आणि ती येरवड्यास, गुन्हेगार ठरलेल्या मुलांच्या सुधारशाळेत. कवितेस याहून रूक्ष जागा कोणती? परंतु त्याच जागेतून १९३२ साली त्यांचे 'बंदीशाळा' हे खंडकाव्य आले. ज्या मुलांचे भय कोणी ऐकून घेत नव्हते, त्यांचे जिणे मराठी कवितेत आले. पुढे १९५० साली हेच यशवंत मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

मला यातून दिसते ते असे. सांगलीतील काव्याभ्यासाने यशवंतांना शब्द दिले. परंतु ते शब्द कोणासाठी वापरावयाचे, हे येरवड्याच्या भिंतींनी सांगितले. शब्दच नसते, तर त्या मुलांचे दुःख पाहूनही ते मुके राहिले असते. वाचनाचा उपयोग हा. थोडे वाचले, तर दुसऱ्याची उपमा हाती लागते. पुष्कळ वाचले, तर दुसऱ्याचे भय ओळखू येते. जे आपणास एकट्याचे वाटत होते, ते अनेकांचे होते असे कळते, आणि मन धीट होते. शिवाय वाचन केवळ एकांतातलेही नव्हे. १९२३ साली पुण्यात निघालेल्या रविकिरण मंडळाचे यशवंत एक सभासद. दुसरे सभासद गिरीश, म्हणजे शंकर केशव कानेटकर, जन्माने साताऱ्याचे. त्यांनी पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात अध्यापन केले. ही मंडळी एकमेकांस कविता वाचून दाखवीत, व श्रोत्यांपुढे त्या गाऊनही दाखवीत.

राहता राहिली परीक्षा. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या शेटफळ्याचा एक मुलगा आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधास शिकला व मॅट्रिकच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाला. त्याचे नाव गजानन दिगंबर माडगूळकर. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून त्याचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभर महाराष्ट्र घड्याळाकडे डोळे लावून बसला. यावरून नापास होणे हे कवीचे लक्षण आहे, असे कोणी समजू नये! नापास होऊनही कवी न झालेले पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच एक. म्हणणे इतकेच की, गुणपत्रिकेतील आकडा हा त्या वर्षाचा हिशोब असतो, मनुष्याचा नव्हे. अभ्यास अवश्य करावा. वहीचा बळी दिल्याने गणित येते, असा मात्र अनुभव नाही.

एक गोष्ट मी त्यास सांगणार होतो, ती त्यानेच मला सांगितली. २०१९ च्या त्याच पुरात सांगलीच्या १८६९ साली स्थापन झालेल्या नगर वाचनालयात पाणी शिरले व असंख्य ग्रंथ भिजले. जेथे त्याने पहिले पुस्तक हाती घेतले, तेथील ग्रंथांचा लगदा झालेला त्याने लहानपणी पाहिला. "म्हणून मला वाटते, लिहून तरी काय राहते?" तो म्हणाला. त्याचे खरे भय हे होते. गुण हे निमित्त. मी त्यास समजूत घातली नाही, कारण ग्रंथ बुडतात हे खरे आहे. मी इतकेच म्हटले की, ज्या कृष्णेने सांगलीचे ग्रंथ भिजविले, तिच्या उगमाशेजारी, महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार गाव आहे. तेथील लोकांनी २०१७ पासून आपल्या घरांच्या ओसऱ्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या आहेत. कोणीही जावे, बसावे, वाचावे. पुस्तके आपोआप टिकत नाहीत. कोणीतरी ती उंच फळीवर ठेवावी लागतात.

तो वही घेऊन गेला. बंद करणार की नाही, हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. परवा तो पुन्हा आला. सुटीत सांगलीस गेला असता त्याने त्या चार ओळी आईस वाचून दाखविल्या होत्या. ती माउली पुस्तके वाचणारी नव्हे. ऐकून ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला झोप म्हणत होते खरी, पण मीसुद्धा त्या रेषेकडेच पाहत होते रे."

इतकी वर्षे एका घरात राहून त्या दोघांस एकमेकांचे हे भय ठाऊक नव्हते. वहीत आता पाचवी ओळ सुरू झाली आहे.