जुनी मोटार आणि हौशी हात

पुण्यामुंबईकडील कोणत्याही जुन्या वसाहतीच्या आवारात फेरफटका मारला, तर एखाद्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली मोटार बहुधा दृष्टीस पडतेच. तिच्या चाकांतील हवा गेलेली असते, वर वाळलेली पाने साचलेली असतात, आणि खेळणाऱ्या मुलांचा चेंडू खाली अडकला म्हणजे तेवढ्यापुरते कोणी तिच्याकडे वाकून पाहते. चौकशी करावी तर असे कळते की, घरातील कोणा तरुणाने ती मोठ्या हौसेने विकत घेतली होती. आपल्या हातांनी तिचे रूप पालटावे, तिला नवा जोम द्यावा, असा त्याचा बेत होता. प्रारंभी चार रविवार काम झाले. मग पैसे संपले, मागाहून उत्साह संपला, आणि अखेर ताडपत्री तेवढी उरली. घरची मंडळी याला आळस म्हणतात. परंतु पुष्कळदा दोष आळसाचा नसून निवडीचा असतो. जी मोटार त्या माणसाच्या वेळात, पैशात व कौशल्यात पुरी होणे शक्यच नव्हते, तीच त्याने पसंत केलेली असते.

हौसेला मोल नसते, असे म्हणण्याची रीत आहे. तथापि हौसेच्या मोटारीला मोल असते, आणि ते खरेदीच्या दिवशी फार थोडे दिसते. म्हणून जुनी मोटार सुधारण्याच्या नादी लागणाऱ्याने पहिला प्रश्न ‘कोणती गाडी अधिक सुंदर?’ असा न विचारता ‘कोणती गाडी माझ्या हातून पुरी होईल?’ असा विचारावा. या छंदाचा इतिहासही हेच शिकवितो.

इंग्लंडात १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी ‘ऑस्टिन सेव्हन’ नावाची एक चिमुकली मोटार बाजारात आणली. स्टॅन्ली एज नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकास हाताशी धरून त्यांनी आपल्या घरीच तिचे आराखडे सिद्ध केले होते. इंजिन पाऊण लिटरहूनही किंचित लहान, आणि सुरुवातीच्या गाडीचे वजन सुमारे ३६० किलो. मध्यमवर्गीय कुटुंबास परवडावी म्हणून काढलेली ही गाडी १९३९ पर्यंत निघत राहिली व तिची संख्या तीन लाखांच्या जवळपास पोहोचली. साहजिकच काही वर्षांनी जुन्या सेव्हन गाड्यांचा सुकाळ झाला आणि त्या फार थोड्या पौंडांत मिळू लागल्या. येथेच हौशी लोकांचे भाग्य उघडले. या गाडीची लोखंडी चौकट निराळी व वरचे अंग निराळे असे. वरचे जीर्ण अंग उचलून बाजूला ठेवावे आणि त्याच चौकटीवर आपल्या मनाजोगे हलके अंग चढवावे, हे घरच्या गॅरेजमध्येही साधण्याजोगे होते. १९३९ मध्ये अशा हौशी मंडळींनी ‘७५० क्लब’ ही संस्था काढली. सेव्हनच्या इंजिनाच्या आकारावरूनच तिचे नाव पडले.

१९४८ साली लंडनमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन या विद्यार्थ्याने जुन्या सेव्हनवर प्लायवूड व ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे नवे अंग चढवून एक गाडी सिद्ध केली. ‘लोटस’ या विख्यात नावाची ती पहिली मोटार होय. तिकडे न्यूझीलंडमध्ये चौदा वर्षांचा ब्रूस मॅक्लॅरन १९५२ साली घरच्या जुन्या सेव्हनवरच टेकडी चढण्याच्या शर्यतीत प्रथम उतरला. पुढे १९६३ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचा शर्यतसंघ स्थापन केला. या दोघांच्याही हाती पडलेली गाडी राजेशाही नव्हती, दुर्मीळ नव्हती, वेगवानही नव्हती. ती विपुल होती, साधी होती व हलकी होती. विपुल, म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त. साधी, म्हणून नवशिक्याने बिघडविली तरी पुन्हा जुळविता येण्याजोगी. आणि हलकी, म्हणून थोडक्या शक्तीतही चपळ. स्वस्त जुन्या मोटारीची निवड करताना हे तीन गुण कसोटीसारखे हाताशी ठेवावेत.

हीच कसोटी भारतातील गाड्यांना लावली, तर पहिले नाव मारुती ८०० चे घ्यावे लागते. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत देशात तिच्या पंचवीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन, बारा इंची चाके, आणि जिच्या अंगाची माहिती नाही असा मिस्त्री शोधूनही सापडू नये अशी गाडी! ज्याला पहिल्यानेच पाना हाती धरावयाचा आहे, त्याने हिच्याच शाळेत नाव घालावे. ज्याला डोंगरवाटांचे वेड आहे, त्याचे मन मारुती जिप्सीकडे किंवा महिंद्राच्या जुन्या जीपकडे धावते. त्यांची चौकट स्वतंत्र व दणकट असते, परंतु चाहते पुष्कळ असल्यामुळे किंमतही चढी असते. मुंबईकराचा जीव जिच्यात गुंतलेला, ती कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेषात ती ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिचे रूप मोहक खरे. पण तिचे भाग आता शोधून आणावे लागतात. कुर्ल्यातील व चोरबाजारातील दुकाने पालथी घालण्यात ज्याला आनंद वाटतो त्याने ती जरूर घ्यावी. ज्याला दर रविवारी काम पुढे सरकलेले पाहावयाचे आहे, त्याने तिच्यापासून प्रथम दूर राहावे.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ऑस्टिन सेव्हनचे अंग उचलून फेकता येत होते. मारुती ८०० चे तसे नाही. तिला निराळी चौकट नाही. पत्र्याचे घडीव अंग हाच तिचा सांगाडा. अर्थात अशा गाडीचा पत्रा गंजला, म्हणजे नुसती कातडी नव्हे, हाडे गंजली असे समजावे. इंजिन बदलून मिळते, गिअरची पेटी बदलून मिळते. गंजलेला सांगाडा मात्र गाडीच्या किमतीहून अधिक पैसा खातो. म्हणून बॉनेट उघडण्यापूर्वी गाडीखाली शिरावे. पायांखालचा गालिचा उचलून तळ पाहावा, दारांखालचे उंबरे बोटांनी चाचपावेत, पुढच्या चाकांवर जेथे शॉकॲब्सॉर्बर वरच्या पत्र्याला टेकतात ती जागा निरखावी. कोकणात व मुंबईत, जेथे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे, तेथील गाडीच्या बाबतीत ही तपासणी दुप्पट बारकाईने करावी. खिशात एक लहानसे लोहचुंबक असू द्यावे. जेथे ते पत्र्याला चिकटत नाही, तेथे रंगाखाली लांबी भरलेली आहे, आणि लांबीखाली काय लपले आहे हे विकणाऱ्यास पुरते ठाऊक आहे. वरून चकचकीत रंग आणि आतून पोखरलेला तळ, म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

पुरात बुडालेली गाडी तर कोणत्याही भावात महाग. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. असे प्रसंग पुढेही निरनिराळ्या शहरांवर आले. आसनाखालच्या स्प्रिंगांवरील गंज, दिव्यांच्या काचेत आतून उमटलेली गढूळ रेघ, गालिच्याचा कुबट वास, या खुणा धुऊन सहसा जात नाहीत. अशा गाडीतील विजेच्या तारा आज चालतात आणि उद्या दगा देतात.

त्यानंतर इंजिनाकडे वळावे. तेही थंड असताना. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. सुरू होताना निघणारा धूर पुष्कळ काही सांगतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळीत आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे थंडाव्याचे पाणी सिलिंडरात शिरत आहे. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर हेड गॅस्केट गेले असल्याची दाट शंका घ्यावी. यांपैकी कोणताही दोष असाध्य नाही. किंबहुना ज्याला इंजिन उघडावयाचेच आहे, त्याला असा दोष किंमत उतरविण्यास उपयोगीच पडतो. मात्र दोष माहीत असून घेणे निराळे आणि मागाहून कळणे निराळे.

गाडीच्या सांगाड्याइतकाच तिचा कागद महत्त्वाचा. चासीवर व इंजिनावर कोरलेले क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षर न अक्षर ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा चढलेला असेल, तर तो उतरल्याची नोंद झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ‘कागद काय, नंतर होतील’ असे म्हणून जी गाडी फार स्वस्तात देऊ केली जाते, तिचे नंतर बहुधा काहीच होत नाही. परराज्यातील गाडी स्वस्त वाटली, तरी तिला तेथील ना-हरकत दाखला, महाराष्ट्रातील कर व नवा क्रमांक यांचा खर्च जोडून मगच हिशेब करावा.

आता सर्वांत नाजूक बाब. इंग्लंडच्या त्या हौशी मंडळींनी जे केले ते सर्व भारतातील रस्त्यावर करता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, निर्मात्याने मूळ ठरविलेला तपशील आणि नोंदणीतील तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. छप्पर कापून उघडी गाडी करणे, कर्णकर्कश सायलेन्सर बसविणे, हे मोह म्हणूनच आवरावेत. रंग पालटावयाचा, तर परिवहन कार्यालयाची अनुमती घेऊन पुस्तकात नोंद करावी. इंधन बदलावयाचे, तर मान्यताप्राप्त संचच वापरावा. विमा कंपनीस बदल न कळविल्यास अपघाताच्या वेळी भरपाई अडते, हेही विसरू नये. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून स्वतंत्र नोंदणीची सोय आहे. पण ती मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांनाच मिळते.

मग हौशी माणसाने करावे तरी काय? कायद्याच्या कुंपणातही अंगण मोठे आहे. इंजिन पूर्ण खोलून निर्मात्याच्या मापांनुसार पुन्हा बांधणे, झिजलेले ब्रेक व शॉकॲब्सॉर्बर नवे करणे, विजेच्या तारा नव्याने ओढणे, आसने मढविणे, आवाज व उष्णता अडविणारे अस्तर लावणे, या कामांत दोन वर्षांचे रविवार सुखाने जातात. क्रम मात्र चुकू नये. गाडी प्रथम नीट थांबली पाहिजे, मग नीट वळली पाहिजे, आणि त्यानंतर ती किती धावते हे पाहावे. बहुतेक तरुण हा क्रम उलटा धरतात, आणि त्याची किंमत कधी कधी दुसऱ्या कोणाला मोजावी लागते.

पैशाचे तीन सारखे भाग करावेत हे उत्तम. एखाद्याने दीड लाख रुपये बाजूला काढले असतील, तर ५० हजारांची गाडी घ्यावी; पुढचे ५० हजार ती निर्धोक करण्यास राखावेत; आणि उरलेले ५० हजार हौसेवर खर्चावेत. जो सारे दीड लाख खरेदीतच घालतो, त्याने ताडपत्रीचीही तजवीज त्याच दिवशी करून ठेवावी.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे सांगत आली. त्या दोहोंत माणसाची जशी पारख होते तशीच जुनी मोटार नीट करण्यातही होते. एखाद्या रविवारी सकाळी किल्ली फिरवावी, महिनोन्‌महिने टेबलावर सुटे पडलेले इंजिन एका सुरात बोलू लागावे, आणि ‘हे कधी पुरे व्हायचे नाही’ असे म्हणणाऱ्या आईने पदर सावरून पहिल्या फेरीसाठी पुढच्या आसनावर बसावे, याहून मोठे बक्षीस या छंदात नाही. ते मिळविण्यास दुर्मीळ गाडी लागत नाही. लागते ती धड हाडांची, स्वच्छ कागदांची, गल्लोगल्ली आढळणारी एक साधी गाडी, आणि ती पुरी करीपर्यंत दुसरीकडे न पाहण्याचा निश्चय.