आपत्ती निसर्गाची, जोखीम कोणाची?

(गोंदिया येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्रात ‘जोखीम’ हा शब्द आम्ही मंडळी फार सहजपणे वापरतो. कारखानदार जोखीम पत्करतो, म्हणून नफ्यावर त्याचा हक्क, असे पाठ्यपुस्तक सांगते. परंतु बाघ नदीच्या काठी दुसऱ्याची दोन एकर जमीन ठेक्याने घेऊन धान लावणारा माणूसही जोखीमच पत्करीत असतो. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असल्यामुळे पीक वाहून गेले तरी नुकसानभरपाईच्या यादीत त्याचे नाव येणे कठीण. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. आपत्ती निवारणाचा विचार येथून सुरू झाला पाहिजे.

ऑगस्ट २०२० चे अखेरचे दिवस आठवा. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सोडण्यात आले, आणि वैनगंगेच्या महापुराने गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील गावे वेढली. खाली गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी तक्रार तेव्हा सर्वत्र होती. आता विचार करा, धरणातून निघालेले पाणी काही क्षणात गावात शिरत नाही. नदीला वाट चालावी लागते, आणि त्या वाटेला काही तास लागतात. ते तास हीच गावाची खरी संपत्ती. दोन राज्यांच्या कचेऱ्यांमधील पत्रव्यवहारात ती खर्ची पडली, तर त्या हानीला निसर्गाचा कोप म्हणता येणार नाही.

कायदा नाही असे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण निर्माण केले, आणि लोकनिर्वाचित प्रतिनिधीला त्याचे सहअध्यक्षपद दिले. जिल्ह्याचा आराखडा करणे बंधनकारक केले. परंतु जो आराखडा गावातल्या कोणी वाचलेला नाही, तो गावाचा आराखडा कसा म्हणावा?

‘एकात्मिक जोखीम व्यवस्थापन’ या जड शब्दप्रयोगाचा अर्थ आपल्या तलावाच्या पाळीवर उभे राहिले की चटकन कळतो. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या पिढ्यांनी मोठ्या कौशल्याने बांधले. हा तलाव अवर्षणात धान वाचवतो, अतिवृष्टीत पाणी थोपवतो, धीवर कुटुंबाला मासळी देतो, उन्हाळ्यात विहिरींना पाझर देतो. १९५१ च्या सुमारास मालगुजारी संपुष्टात आली, हे न्याय्यच झाले. पण मालकीबरोबर देखभालीची जबाबदारी कोणाच्या खांद्यावर गेली? कागदावर शासनाच्या व जिल्हा परिषदेच्या, प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी कोणाच्याच नाही. गाळ साचला, सांडवा बुजला, पोटात अतिक्रमण झाले. मग तोच तलाव उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि श्रावणात फुटण्याची भीती घालतो. दुष्काळ आणि पूर ही दोन संकटे दोन खात्यांच्या दोन फायलींत असतात. गावात मात्र ती एकाच पाळीवर राहतात.

वणव्याचेही तेच. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन वनमजूर मृत्युमुखी पडले. जंगल सर्वांचे, आगीच्या तोंडाशी उभा राहणारा मात्र हंगामी रोजंदारीचा माणूस. त्याला साधने, प्रशिक्षण आणि विम्याचे संरक्षण देणे हा खर्च नव्हे, ते त्याचे थकलेले देणे आहे.

कोणी म्हणेल, गरीब देशाला ही पूर्वतयारी परवडेल काय? ओडिशाकडे पाहा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ वादळ आले, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. ओडिशा या चौदा वर्षांत श्रीमंत राज्य झाले नव्हते. निवारे बांधले, इशारा गावोगाव पोचवण्याची यंत्रणा उभारली आणि गावकऱ्यांना तयार केले, इतकेच. अडचण पैशाची कमी, राजकीय हिशेबाची अधिक आहे. मदतीचा धनादेश वाटताना छायाचित्र निघते. न फुटलेल्या पाळीचे छायाचित्र कोण काढणार?

आपल्याच राज्याचा एक धडा येथे उपयोगी आहे. १९७२ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. संकटकाळी काम मिळणे ही सरकारची मेहेरबानी न राहता मजुराचा हक्क ठरला. आपत्तीची पूर्वसूचना व संरक्षण यांनाही हक्काचे हेच स्थान मिळवून दिले पाहिजे.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. मृग लागण्यापूर्वी प्रत्येक ग्रामसभेने तलावाची पाळ, सांडवा आणि शाळेचे छप्पर यांची पाहणी करून अहवाल भिंतीवर लावावा. धरणातून किती पाणी कधी सुटले, हे तालुक्याबरोबरच थेट गावाला कळावे, आणि रात्री दोन वाजता तो निरोप कोण घेणार, दवंडी कोण देणार, हे आधी ठरलेले असावे. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया यांच्या घरांची यादी आशाताई व अंगणवाडीताईंच्या मदतीने तयार असावी. प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद ग्रामसभेत व्हावी आणि भरपाई त्या नोंदीवर मिळावी. ही शेवटची सूचना जमीनमालकांना रुचणार नाही. नोंद झाली की कूळहक्क सांगितला जाईल, अशी त्यांची धास्ती आहे. ती दूर करण्यासाठी ही नोंद केवळ भरपाईपुरती आहे, असा खुलासा करता येईल. पण त्या धास्तीपोटी कसणाऱ्याला कायमचे अदृश्य ठेवणे मात्र मान्य होण्यासारखे नाही.

यातले एकही काम दिल्लीच्या आदेशावाचून अडलेले नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालण्याची लेखी मागणी करणे, एवढे तर येथे बसलेल्या प्रत्येकाला करता येईल. पूर येईल तेव्हा येईल. ग्रामसभेची तारीख मात्र आपल्याला माहीत असते.