घर शोधताना नाव आधी विचारलं जातं



आज मला मुंबईत घर शोधणाऱ्या आपल्या तरुणांबद्दल बोलायचं आहे.

मागच्या पिढीने घर शोधलं ते कुटुंबासाठी. डोंगरी, नागपाडा, कुर्ल्यातल्या खोल्या अपुऱ्या पडत होत्याच. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मात्र असंख्य कुटुंबं मुंब्र्याला आणि मीरा रोडला गेली. त्यांनी घर निवडताना आधी पाहिली ती सुरक्षितता.

तुमची गरज वेगळी आहे. तुम्हाला कामाच्या जवळ राहायचं आहे. रोज मुंब्र्याहून अंधेरी गाठायची म्हणजे लोकल, मग मेट्रो, मग रिक्षा. म्हणून कुणी मित्रांबरोबर फ्लॅट भाड्याने घेतं, कुणी पीजीमध्ये एक कॉट घेतं. लग्नाआधी एकट्या राहणाऱ्या मुलीही आता आपल्यात आहेत. हा बदल चांगला आहे. पण फोनवर एजंट आधी नाव विचारतो, आणि नाव ऐकल्यावर ‘मालकाला व्हेज फॅमिली हवी’ असं सांगून मोकळा होतो.

इथे कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. राज्यघटनेचं कलम १५ धर्मावरून भेदभाव करायला सरकारला मनाई करतं. दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांबाबत ते नागरिकांनाही बांधतं. त्या यादीत खासगी घर नाही. तुम्ही फ्लॅट विकत घेतलात, तर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा मदतीला येतो. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सोसायटीचं सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे दाद मागता येते. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीचा ‘सदस्य फक्त पारशीच’ हा नियम वैध ठरवला. म्हणजे कायद्याचा आधार आहे, पण तो अपुरा आहे. घरभाड्यातला भेदभाव रोखणारा स्पष्ट कायदा हवा, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

दारं बंद झाली की माणूस मिळेल ते घर घेतो, कागद बघत नाही. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली. ७४ जण गेले. त्या अर्धवट इमारतीत माणसं राहत होती.

तेव्हा घर मिळालं या आनंदात कागद विसरू नका. इमारतीला पालिकेची परवानगी आहे का, ते विचारा. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करा आणि नोंदवून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं.

आता थोडं आपल्या मोहल्ल्याबद्दल. तिथे एकट्या मुलीला खोली कोण नाकारतं? घटस्फोटित बाईला ‘सोबत कोण राहणार?’ असं कोण विचारतं? मसलक वेगळा म्हणून, बिरादरी वेगळी म्हणून तोंड कोण फिरवतं? तिथला मालकही आपला, एजंटही आपला. शहराकडे आपण जो न्याय मागतो, तो आपल्या इमारतीत आज देता येतो. त्यासाठी कुठल्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

मोहल्ल्यात राहण्यात कमीपणा काहीच नाही. तिथे अम्मीची हाक ऐकू येते, शेजार आहे, रमजानची रौनक आहे. माझं म्हणणं इतकंच, की तिथे राहणं ही तुमची निवड असावी, नाइलाज नसावा. तुमच्यापैकी ज्यांच्या घरच्यांची एखादी खोली भाड्याने देण्यासारखी आहे, त्यांनी आज घरी जाऊन एवढंच ठरवावं: येणाऱ्याला आधी नाव न विचारता काम काय करता आणि भाडं किती परवडेल, हे विचारायचं.