ईसीयूत डेटा भरताना

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि बीड, माजलगाव, अंबाजोगाईच्या गॅरेजमध्येही पान्ह्याशेजारी लॅपटॉप दिसू लागला. इंजिनाचा कारभार पाहणारी पेटी म्हणजे ईसीयू. तिच्यात नवा डेटा भरताना काम मध्येच अडकलं, तर सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी बॅटरी बघा. चावी ऑन, इंजिन बंद, वर ब्लोअर अन् दिवे चालू. व्होल्टेज 12 च्या खाली घसरतं आणि राइटिंग तुटतं. साध्या चार्जरवर भागत नाही, स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय लावा. तोही इन्व्हर्टरवर, कारण आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. लॅपटॉपचा स्लीप मोडही बंद करा. मग ओबीडीच्या, म्हणजे लॅपटॉपची केबल जिथं जोडतात त्या सॉकेटच्या, 16 पिना तपासा. उसाच्या फडात फिरणाऱ्या पिकअपमध्ये तिथं धूळ बसलेली असते. भरायच्या फाइलचा नंबर ईसीयूवरच्या नंबराशी जुळवा.

राइटिंग तुटलंच तर घाबरून चावी फिरवू नका, केबल उपटू नका. बूटलोडर, म्हणजे ईसीयूत डेटा भरून घेणारा मूळ प्रोग्राम, बहुतेक वेळा शाबूत असतो. व्होल्टेज सुधारून डेटा पुन्हा भरता येतो. आणि गाडीमालकांनो, ‘ॲव्हरेज वाढवून देतो’ म्हणत ईसीयूचा डेटा बदलणाऱ्यानं मूळ डेटाची कॉपी काढून ठेवली आहे का, हे आधी विचारा.