खिशातील यंत्र आणि डॉक्टरांचा निर्णय

(स्टॅनमोर येथील समाजमेळाव्यात झालेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



आज मला दिलेला विषय आपणा प्रत्येकाच्या खिशातच आहे. मोबाइल फोनने रोग ओळखता येतो काय? माझा व्यवसाय डोळे तपासण्याचा, म्हणून आरंभ डोळ्यांपासूनच करतो. या विषयाचे एक उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच घडलेले आहे.

आपल्या घरांत मधुमेह हा काही परका पाहुणा नाही. तो डोळ्याच्या पडद्यातील, म्हणजे दृष्टिपटलातील, सूक्ष्म रक्तवाहिन्या हळूहळू बिघडवतो. डोळा दुखत नाही, खुपत नाही. आरंभी दिसण्यातही फरक पडत नाही. फरक जाणवू लागतो, तोवर गेलेली दृष्टी पुष्कळदा परत मिळत नाही. म्हणून त्रास होण्यापूर्वीच पडद्याचे छायाचित्र घेणे आवश्यक ठरते. परंतु त्याचा नेहमीचा कॅमेरा मोठा, महाग आणि रुग्णालयात बसवलेला. ज्याला काहीच होत नाही, तो एका दिवसाची मजुरी बुडवून तेथे कशाला जाईल?

बंगळूरच्या रेमिडिओ कंपनीने फोनला भिंगांची व प्रकाशाची जोड देऊन फोनच्याच कॅमेऱ्याने पडदा टिपण्याचे उपकरण तयार केले. छायाचित्राची छाननी फोनमधील कृत्रिम बुद्धिमत्ता जागच्या जागी करते. इंटरनेटही लागत नाही. मुंबईचे नेत्रतज्ज्ञ डॉ. एस. नटराजन, लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील प्राध्यापक सोभा शिवप्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत त्याची परीक्षा घेतली. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनला येऊन १९१९ साली एम.डी. केले आणि पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. त्या दोन शहरांमधील ही देवाणघेवाण अशी आजही चालू आहे.

त्या परीक्षेत २३१ मधुमेही होते. छायाचित्रे घेणारी व्यक्ती नेत्रतज्ज्ञ नव्हती. असा कॅमेरा पूर्वी न हाताळलेली आरोग्यसेविका होती. १८ जणांची छायाचित्रे अस्पष्ट निघाली, उरले २१३. तज्ज्ञांकडे पाठवण्याजोगा विकार त्यांतील १५ जणांना होता आणि यंत्राने ते पंधराही जण ओळखले. ज्यांना असा विकार नव्हता, त्यांच्यापैकी शेकडा सुमारे १२ जणांनाही मात्र त्याने 'पुढे तपासा' असे सांगितले.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहू या. पंधरापैकी पंधरा ही आशादायक गोष्ट खरी, पण पंधरा ही संख्या लहान आहे. यंत्राने इशारा दिला म्हणजे रोग सिद्ध झाला, असे नाही. छायाचित्र अस्पष्ट आले म्हणजे डोळा निर्दोष, असे तर मुळीच नाही. अशा माणसाला तज्ज्ञांकडेच पाठवले पाहिजे. फोन चाळणीचे काम करतो; निर्णय डॉक्टरांचाच. आणि इशाऱ्यानंतर रुग्ण तज्ज्ञांपर्यंत पोहोचला नाही, तर त्या चाळणीचा उपयोग काय?

हृदयाचेही तसेच. कार्डियामोबाइल नावाच्या छोट्या पट्टीवर बोटे ठेवली की ३० सेकंदांत हृदयाचा आलेख फोनवर उमटतो. अनियमित ठोक्यांचा एक विकार हुडकण्यासाठी इंग्लंडच्या नाइस या संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये त्याची शिफारस केली. पण हृदयविकाराचा झटका ते ओळखत नाही. छातीत कळ येत असेल, तर आलेख काढत बसू नका. ९९९ ला फोन करा. शब्बाथ असला तरी करा. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, हीच आपल्या धर्माची आज्ञा आहे. नेहमीच्या तपासण्या मात्र शब्बाथ संपेपर्यंत थांबू शकतात.

आणखी एक सावधगिरी. रक्ताचा थेंब न घेता, त्वचेला सुई न लावता साखर सांगणाऱ्या घड्याळांच्या व अंगठ्यांच्या जाहिराती आपल्या फोनवर येतात. अशा एकाही उपकरणाला आपली मान्यता नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा खोट्या आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिन घेतले, तर प्राणावर बेतेल.

आता आपल्या घराकडे वळतो. या देशात १२ वर्षांवरील मधुमेहींना पडद्याच्या तपासणीचे निमंत्रण येते. लागोपाठ दोनदा डोळे निर्दोष आढळले, तर ते दोन वर्षांनी येते. माझ्याकडे चष्म्यासाठी येणारे कित्येक वडीलधारे ते पत्र बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "डोळे तर तुम्हीच तपासलेत ना!" मंडळी, चष्म्याचा नंबर काढणे निराळे आणि ही तपासणी निराळी. ते पत्र आले की जा. डोळ्यांत थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते. म्हणून गाडी स्वतः चालवू नका, मुलांना सोबत न्या.

आणि ठाण्याला, मुंबईला राहिलेल्या आपल्या आईवडिलांना, काका-मावशींना व्हिडिओ कॉल कराल, तेव्हा "साखर किती?" एवढेच विचारून थांबू नका. "डोळ्याच्या पडद्याची तपासणी शेवटची कधी झाली?" असेही विचारा. "वर्षे लोटली," असे उत्तर आले, तर पुढच्या कॉलपूर्वी ती करून घ्यायला सांगा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते आठवणीने विचारा. फोनचा एवढा उपयोग आपण कोणीही, कसलेही नवे यंत्र विकत न घेता, आज रात्रीच करू शकतो.