वर्दीला पाणी नको

श्रोतेहो, सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत माळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक असते. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत वर्दी असते, ते फौजी घरांना मी सांगायला नको. कुणाच्या पणजोबांनी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून आणलेली, कुणाच्या आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली, केरेनची किंवा इटलीची, कुणाच्या वडिलांची १९७१ च्या युद्धातली. सशस्त्र सेना ध्वजदिन जवळ आला, शाळेत प्रदर्शन ठरलं, की ती ट्रंक खाली उतरते. आणि दुसऱ्या दिवशी वर्दी दोरीवर वाळत असते! माझं सगळं भाषण एवढ्यासाठीच आहे: ती वर्दी धुऊ नका.

यावर पहिला प्रश्न ठरलेला. मग कुठल्या पावडरीनं धुवायची? कुठल्याच नाही. रिठ्यानं नाही, गार पाण्यात हलक्या हातानं नाही, आणि ड्रायक्लीनिंगला तर मुळीच नाही.

का ते बघा. जुना लढाईतला कोट जाड लोकरी कापडाचा. कॉलरच्या आत ताठपणासाठी कॅनव्हास, अस्तर सुती, दोरा आणखी वेगळा. पाणी लागलं की लोकर एका मापानं आटते, कॅनव्हास दुसऱ्या. कॉलर एकदा चुरमडली की इस्त्रीनंही सरळ होत नाही. खांद्यावरच्या पट्टीचा रंग सुटून खाकीवर उतरतो. आणि सगळ्यात मोठं नुकसान आतल्या बाजूला. तिथे सरकारी मालाची खूण म्हणून बाणाचा शिक्का असतो, माप, साल, कधी त्या जवानानं शाईनं लिहिलेला स्वतःचा नंबर. नाव विसरलेल्या माणसाचा पत्ता त्या नंबरावरून लागू शकतो. साबणाला काय त्याचं?

डागांचं म्हणाल तर व्हिएन्नाच्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा निळसर कोट आहे, २८ जून १९१४ ला सारायेव्होत त्याची हत्या झाली तेव्हा त्याच्या अंगावर होता तो. रक्ताच्या डागांसकट. लंडनमधल्या ग्रीनिचच्या संग्रहालयात ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनचा कोट आहे, १८०५ च्या ट्राफल्गारच्या लढाईतला. डाव्या खांद्यावर गोळीचं भोक तसंच आहे. कुणी तिथे रफू करायला बसलं नाही. आणि आपण मात्र चिखलाचा डाग निघाला म्हणून खूश!

घरातल्या वहिनी, काकू ऐकत असतील, त्यांना एकच विचारतो. लोणच्याची बरणी कशी सांभाळता? ओला चमचा घालू देत नाही. तोंडाला स्वच्छ, कोरडा दादरा बांधता. बरणी उन्हात ठेवत नाही, जमिनीला टेकवत नाही, आणि मधूनमधून उघडून वास घेता, बुरशी धरली नाही ना ते बघता. वर्दीचं तेच करा. ओला हात लावायचा नाही. दादऱ्याच्या जागी धुऊन वाळवलेलं जुनं धोतर, पण खळ आणि नीळ न घातलेलं. प्लॅस्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते. ट्रंक भिंतीपासून लांब, विटांवर. पावसाळा सरला की एकदा सावलीत उघडून हवा द्यायची. उन्हात टाकलीत तर खाकी विटते. फक्त लोणचं मुरून चांगलं लागतं, वर्दी मुरून सुधारत नाही, तिथे मला गप्प बसायला हवं.

आता कुणी म्हणेल, मळ राहिला तर कसर लागेल. बरोबर आहे. कसरीची अळी लोकर खाते आणि घामट कॉलर, काख तिला जास्त आवडते. सुती वर्दीला परेडची खळ असेल तर तीही किड्यांना चालते. म्हणून धूळ काढायचीच, पण कोरडी. मच्छरदाणीची जाळी वर पसरा आणि व्हॅक्यूम क्लीनर अगदी मंद ठेवून जाळीवरून फिरवा. तो नसेल तर मऊ ब्रश, एकाच दिशेनं. डांबराच्या गोळ्या कापडावर टाकू नका. तो वास आपल्या फुप्फुसांनाही बरा नाही. ओला कडुनिंब घालून वर्दीवर हिरवे डाग पाडणारेही मी पाहिलेत. कसर लागलीच असेल तर वर्दी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. हो, एवढ्यापुरती पिशवी चालेल. हसू नका, संग्रहालयंही कीड मारायला थंडीच वापरतात. बाहेर काढल्यावर मात्र दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कापडावर दव धरतं, आणि मग मी इतका वेळ काय सांगतोय? पाणी नको!

बटणांचं राहिलं. पितळ चकचकीत करायची फौजी सवय मला समजते. पण पॉलिशची पांढरी पूड कापडात शिरून बसते आणि दर घासणीला बटणावरचं चिन्ह झिजतं. करायचंच असेल तर बटणाखाली चीर दिलेला पुठ्ठा सरकवा. फौजेत त्यासाठी पितळी पट्टी असायची, जुन्या जवानांना आठवेल. पदकं मात्र काढून वेगळी ठेवा. त्यांच्या वजनानं छातीवरचं कापड फाटतं, आणि रिबिनी तर…

स्टुडिओच्या काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं उरली. घड्या तेवढ्या सांगतो. तारेचा हँगर नको, जड कोट खांद्यातून लोंबतो. आडवा ठेवा, घडी पडेल तिथे मांजरपाटाची गुंडाळी घाला, बाह्यांतही घाला, आणि पुढच्या वेळी घडीची जागा बदला. चामड्याचा पट्टा वेगळा ठेवा, पितळी खिळ्यांशी हिरवं मेणासारखं साचलं असेल तर ते लाकडी काडीनं, कोरडंच… आता एकच बोट दिसतंय. येत्या ध्वजदिनाला ट्रंक उतरवलीत तर बादली भरण्याआधी आतल्या शिक्क्याचा फोटो काढा. आणि बादली भरूच नका.